दोन भाषा, दोन वाचक : पंडिता रमाबाईंचे परदेशातील लेखन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या अमेरिकेतील वास्तव्यातून दोन ग्रंथ निर्माण झाले. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ त्या स्वदेशी परतल्यानंतर, १८८९ मध्ये मुंबईत छापला गेला. पहिल्यात अमेरिकेतील वाचकाला हिंदुस्थानातील स्त्रीची कहाणी सांगितली आहे, तर दुसऱ्यात मराठी वाचकाला अमेरिकेची. लेखिका एकच, काळ जवळपास एकच आणि दोन्हींमागील प्रश्नही एकच, तो म्हणजे स्त्रीच्या पराधीनतेचा. असे असूनही हे दोन ग्रंथ एकत्र वाचण्याचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. इंग्रजी ग्रंथ समाजसुधारणेच्या इतिहासाकडे आणि स्त्री-अभ्यासाकडे गेला. मराठी ग्रंथ प्रवासवर्णनाच्या खात्यात जमा झाला आणि तेथेही त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपतो.

या विभागणीमुळे केवळ अभ्यासाची गैरसोय झाली, असे म्हणून चालणार नाही. तिने रमाबाईंचे एक चित्रच अपुरे ठेवले आहे. परक्या देशात, परक्या भाषेत लिहिणाऱ्या विदुषीला तेथील समाज कोणते स्थान देतो आणि ती स्वतःच्या भाषेकडे वळल्यावर कोणते स्थान मिळवते, हा प्रश्न या दोन ग्रंथांच्या मधोमध उभा आहे. इंग्रजीत रमाबाईंना प्रामुख्याने साक्षीदार व्हावे लागले. निरीक्षक आणि समीक्षक म्हणून त्या निर्वेधपणे प्रकट झाल्या त्या मराठीत. प्रस्तुत लेखात हा फरक त्यांच्या पत्रव्यवहाराच्या आणि या दोन ग्रंथांच्या आधारे तपासला आहे.

परदेशापूर्वीची बहुभाषिकता

रमाबाई इंग्लंडला गेल्यावर ‘दोन संस्कृतींच्या मध्ये’ आल्या, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती फारशी बरोबर नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब मूळचे मराठी, वस्ती मात्र कन्नड मुलुखातील गंगामूळच्या अरण्यात. आई लक्ष्मीबाई यांना वडिलांनी संस्कृत शिकवलेले आणि आईने ते मुलीला दिलेले. पुढे तीर्थयात्रा, पुराणकथन, १८७४ च्या सुमारास आईवडिलांचे निधन आणि भाऊ श्रीनिवास यांच्यासह देशभर भ्रमंती. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी झालेला नोंदणी विवाह आंतरजातीय होता, तसाच आंतरभाषिकही होता. मराठी घरची भाषा, संस्कृत विद्येची, हिंदुस्थानी प्रवासातील आणि बंगाली संसाराची. इंग्रजी या सर्वांनंतर आली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. अव्वल इंग्रजीतील सुधारक पुरुषांच्या बाबतीत नव्या विचाराची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी होती आणि नंतर तो विचार मराठीत उतरला. रमाबाईंच्या बाबतीत तसे घडले नाही. १८८१ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत श्यामजी कृष्ण वर्मा यांनी त्यांची संस्कृत रचना वाचून दाखवली, तेव्हा त्यांना इंग्रजीत ग्रंथ लिहिता येत नव्हता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य यांची गरज मांडताना त्यांची साक्ष मराठीत झाली आणि तिचे इंग्रजी भाषांतर करावे लागले. युरोपीय विद्वत्तेला त्यांची ओळख संस्कृतमुळे झाली. युरोपात पाऊल ठेवल्यावर मात्र तीच विद्या त्यांना अडचणीची ठरू लागली.

त्याच १८८२ मध्ये, पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केल्यानंतर, त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाने इंग्लंडच्या प्रवासाची सोय झाली. पुस्तकाची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि सूर उपदेशाचा, क्वचित दटावणीचा आहे. स्त्रियांच्या दुरवस्थेची जबाबदारी त्यांच्या अज्ञानावर आणि आळसावर टाकण्याकडे लेखिकेचा कल दिसतो. पुढील सात वर्षांत मराठीतील रमाबाई किती बदलल्या याचे माप घ्यायचे, तर ते याच पुस्तकापासून घ्यावे लागेल.

‘आजीबाई’ आणि लॅटिन अक्षरे

१८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळाकडे गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा मूळ मनोदय ऐकू कमी येत असल्यामुळे सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील वर्षी त्या डोरोथिया बील प्राचार्य असलेल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये दाखल झाल्या. तेथे त्यांनी इंग्रजी, गणित आणि शास्त्रविषय शिकावेत आणि संस्कृत शिकवावे, अशी योजना होती. म्हणजे एकाच संस्थेत त्या विद्यार्थिनीही होत्या आणि अध्यापिकाही. परदेशी विद्यापीठांत वावरणाऱ्या आजच्या अनेक विदुषींना ही दुहेरी जागा अपरिचित वाटणार नाही.

या काळातील पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी जुळवून ठेवला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. ही पत्रे इंग्रजीत आहेत. त्यांतील एक मराठी शब्द मात्र अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई ‘आजीबाई’ असे संबोधतात. ज्या व्यक्तीशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून, आज्ञापालनावरून, जेवणातील पथ्यांवरून आणि मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरून कडाक्याचा वाद चालला आहे, तिलाच हे संबोधन आहे. त्यात जिव्हाळा आहे, हे उघड आहे. पण मराठी घरातील आजीबाईचे स्थान ज्याला ठाऊक आहे त्याला आणखीही काही ऐकू येईल. आजीबाईंचा मान राखायचा असतो, त्यांची काळजी घ्यायची असते, त्यांचे बोलणे ऐकून घ्यायचे असते. मात्र घरातील कर्त्या स्त्रीचे निर्णय त्या घेत नाहीत. मठातील भाषेत जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक माता होत्या आणि मातेला आज्ञा करण्याचा अधिकार होता. मराठीतील एका नात्याच्या शब्दाने त्यांना मातेच्या जागेवरून हलवून आजीच्या जागी बसवले. रमाबाईंनी हे हेतुतः केले असे सिद्ध करता येणार नाही. शब्दाने आपले काम केले, एवढे मात्र निश्चित.

दुसरा प्रसंग क्रूसाचा. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, असे ठरत असता रमाबाईंनी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला. लॅटिन आपल्याला येत नाही, आपल्या देशबांधवांनाही येत नाही, मग ती भाषा आपण का मिरवावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. संस्कृत ही देववाणी किंवा पवित्र भाषा आहे म्हणून आपण तिला धरून नाही, तर ती आपल्या देशाची सर्वांत सुंदर आणि सर्वांत प्राचीन भाषा आहे म्हणून, असेही त्या स्पष्ट करतात. हे विधान साधे वाटले तरी त्यात दोन नकार आहेत. एक चर्चला, जे लॅटिनला पावित्र्य देते; दुसरा ब्राह्मणी परंपरेला, जी तेच पावित्र्य संस्कृतला देते. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी जेराल्डीन यांना कळवले होते. क्रूसावरील अक्षरांचा वाद हे त्याच भूमिकेचे भाषिक रूप होय.

अध्यापनासंबंधीचा वाद याहून बोलका आहे. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे या सूचनेला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. अशा अध्यापनामुळे हिंदुस्थानात त्यांची अप्रतिष्ठा होईल, हे कारण पुढे करण्यात आले. बील यांना लिहिताना रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केले आहे. आपल्या आईने किंवा आपण तरुणांना शिकवण्यास आपल्या वडिलांनी हरकत घेतली नाही, पतीनेही घेतली नाही. ती घेत आहेत काही इंग्रज माणसे, असे त्या निदर्शनास आणतात. हिंदुस्थानी स्त्री पडद्यात असते, हे हिंदुस्थानी स्त्रीलाच समजावून सांगण्याची ही रीत वासाहतिक ज्ञानव्यवहाराचा उत्तम नमुना ठरावी. ज्या स्त्रीने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली, तिला तिच्याच समाजाच्या नावाने गप्प बसवले जात होते. परदेशातील विदुषीला ‘तुमच्याकडे असे चालत नाही’ हे वाक्य मित्रभावाने ऐकवले जाते तेव्हा त्याचा प्रतिवाद करणे विशेष अवघड असते. रमाबाईंनी तो केला, हे नोंदवायला हवे.

इंग्रजी ग्रंथ : साक्ष आणि तिच्या भेगा

१८८६ च्या प्रारंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे झालेल्या पदवीदान समारंभाचे निमित्त होते. अल्प मुक्कामाचा बेत जवळजवळ तीन वर्षांपर्यंत लांबला. या काळात त्यांनी फ्रोबेलच्या बालशिक्षण पद्धतीचा अभ्यास केला, मराठी शालेय पुस्तकांची मालिका तयार करण्यास हात घातला आणि विधवांच्या शाळेसाठी देशभर व्याख्याने दिली. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ या निधिसंकलनाचा भाग होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली.

ग्रंथाची रचना त्याच्या हेतूला साजेशी आहे. बालपण, विवाहित जीवन, धर्म व समाजातील स्त्रीचे स्थान, वैधव्य, स्त्रीस्थितीचा समाजावरील परिणाम आणि अखेरीस आवाहन. वाचकाला दुःखाच्या एकेका पायरीवरून उतरवत नेऊन शेवटी त्याच्या हाती काम सोपवायचे, अशी ही मांडणी आहे. प्रारंभी विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची विस्तृत प्रस्तावना आहे. वाचकाला लेखिकेचे चरित्र तीतून कळते. म्हणजे रमाबाईंच्या आयुष्याची विलक्षण कथा दुसरीने सांगायची आणि रमाबाईंनी स्वतः ‘हिंदू स्त्री’ नावाच्या सामान्य व्यक्तीविषयी बोलायचे, अशी कामाची वाटणी झाली. शीर्षकातही ती दिसते; तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला एकवचनात उभे केले आहे. लेखिका स्वतः त्या साच्यात कोठेच बसत नाही. बालविवाह न झालेली, संस्कृत शिकलेली, स्वतःच्या इच्छेने जातीबाहेर लग्न केलेली ही स्त्री, आपण ज्यांच्यासारखे जगलो नाही त्यांची प्रतिनिधी म्हणून उभी राहते. ही आवाहनाची गरज होती, हे मान्य करूनही त्यातील ताण लपत नाही.

विद्वत्तेच्या बाबतीत हा ताण अधिक जाणवतो. वैधव्याच्या प्रकरणात सतीच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या ऋग्वेदातील ऋचेची चर्चा आहे. मूळ ‘अग्रे’ या पदाच्या जागी ‘अग्नेः’ असा पाठ घुसडून विधवेला अग्नीकडे पाठवण्यात आले, हा तो प्रसिद्ध मुद्दा. मॅक्सम्युलर यांच्यासारख्या युरोपीय पंडितांनी त्यावर आधीच मत दिलेले होते. मूळ संहिता स्वतः वाचू शकणारी एक भारतीय स्त्री हाच मुद्दा इंग्रजीत मांडते तेव्हा अमेरिकन वाचकासमोर तिचे शब्द विदुषीचे म्हणून पोहोचतात की पीडितांच्या प्रतिनिधीचे म्हणून, हा प्रश्न पडल्याखेरीज राहत नाही. एका अक्षराच्या फरकाने किती जीव गेले हे सांगणारी ही पाने ग्रंथातील सर्वांत समर्थ पाने होत. तरीही सामान्य वाचकाच्या स्मरणात राहिले ते बालविधवेचे केशवपन.

असे असले तरी हा ग्रंथ केवळ दयेची याचना आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८७ मधील रखमाबाई खटल्याच्या निकालाचा त्यात उल्लेख येतो तेथे सूर एकाएकी बदलतो. असहाय स्त्रीचे रक्षण केले नाही म्हणून इंग्रज सरकारला दोष देता येणार नाही, कारण हिंदुस्थानातील पुरुषवर्गाशी केलेला करार तेवढा ते पाळत आहे, अशा आशयाचे त्यांचे भाष्य आहे. साम्राज्य आणि देशी पितृसत्ता यांच्यातील हातमिळवणीचे हे निदान पुढे शंभर वर्षांनी स्त्रीवादी इतिहासकारांनी सविस्तर मांडले. येथे ते एका उपरोधिक वाक्यात आलेले आहे, आणि तेही इंग्लंडला न दुखवता अमेरिकेत बोलण्याची सोय होती म्हणून. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून न्यायाधीशाकडे टाकलेला हा कटाक्ष होय.

मराठी ग्रंथ : निरीक्षकाची जागा

१८८९ च्या मराठी ग्रंथाकडे वळताना प्रथम त्याचे नाव पाहावे. त्यात ‘लोकस्थिती’ आधी आहे, ‘प्रवासवृत्त’ नंतर. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतच्या समुद्रप्रवासाचे वर्णन सुरुवातीला येते. मात्र त्यानंतर राज्यव्यवस्था, राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, व्यापार-उद्योग असे एका समाजाचे पद्धतशीर विवरण सुरू होते. अखेरचे आणि विस्ताराने मोठे प्रकरण स्त्रियांच्या स्थितीविषयी आहे. युरोपीय प्रवासी आणि अधिकारी हिंदुस्थानावर जे लिहीत, त्याच घाटाचे हे लेखन आहे. ज्या लोकांना वर्गवारी करून पाहण्याची सवय होती, त्यांचीच येथे वर्गवारी झाली आहे.

मराठी वाचकाला अमेरिका अगदीच नवी नव्हती. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते. रमाबाईंच्या धर्मांतरानंतर पुण्यात उठलेल्या वादळात १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेणारेही फुलेच होते. फुल्यांसाठी अमेरिका हे एक नैतिक उदाहरण होते. रमाबाईंनी त्या उदाहरणाला तपशील दिला, आणि तपशील आला की उदाहरण डागाळते. गुलामगिरी गेली तरी वर्णद्वेष उरला आहे, मूळ रहिवासी इंडियनांवर अन्याय झाला आहे, हे त्या मराठी वाचकापासून लपवत नाहीत. कमरेला आवळून बांधण्याच्या पोशाखावर आणि टोप्यांवर पक्षी मिरवण्याच्या हौशीवर त्या टीका करतात. इंग्रजी ग्रंथात हिंदू चालीरीतींचे वर्णन करणारी लेखणी येथे पाश्चात्त्य चालीरीतींकडे तितक्याच अलिप्तपणे पाहते. फरक इतकाच, की येथे तिला कोणाच्या प्रस्तावनेची गरज नाही.

रूढींपेक्षा संस्था पाहण्याकडे त्यांचा ओढा अधिक आहे. स्त्रियांनी सभा कशा चालवल्या, पैसा कसा जमवला, हिशेब कसे ठेवले, शाळा-रुग्णालये कशी उभारली, यात त्यांना खरा रस होता. फ्रान्सिस विलर्ड आणि विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन यांचा परिचय याच दृष्टीने येतो. ‘स्त्रीधर्मनीति’त स्त्रीला शहाणे होण्याचा उपदेश होता, सात वर्षांनंतर उपदेशाची जागा संघटनेच्या वर्णनाने घेतली आहे. स्त्रीच्या दुर्बलतेचे कारण तिच्या स्वभावात शोधणे मागे पडले आणि एकत्र येण्याच्या साधनांचा अभाव पुढे आला. हा वैचारिक प्रवास परदेशात झाला. त्याची खरी नोंद मात्र मराठीत आहे. भाषाही त्याबरोबर बदलली. संस्कृतप्रचुर पल्ला कमी झाला, आकडे, नावे आणि कार्यपद्धती यांना वाक्यात जागा मिळाली, आणि वाचकाला दटावण्याऐवजी त्याला विचार करायला लावणारा किंचित मिस्कील सूर आला. इंग्रजीत वावरल्यामुळे रमाबाईंचे मराठी बिघडले नाही, उलट ते मोकळे झाले.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रमाबाईंचा वावर मुख्यतः प्रॉटेस्टंट, सुखवस्तू, सुधारणावादी स्त्रियांत होता. त्यांना मदत करणाऱ्या, सभा भरवणाऱ्या आणि घरी ठेवून घेणाऱ्या याच स्त्रिया होत्या. त्यामुळे स्त्रियांविषयीच्या प्रकरणात संस्था चालवणारी अमेरिकन स्त्री भरपूर दिसते, कारखान्यात राबणारी त्या मानाने थोडी. ब्रिटनच्या जोखडातून मुक्त झालेले प्रजासत्ताक म्हणून अमेरिकेचे कौतुक करताना लेखिकेच्या मनात हिंदुस्थान आहे, हे वाचकाला कळते. पण त्या कौतुकाच्या भरात काही प्रश्न विचारायचे राहून जातात. अमेरिकेला तिच्याच भाषेत अमेरिकेचे दोष सुनावण्याची वेळ रमाबाईंवर आली असती तर त्यांनी काय लिहिले असते, हे सांगता येत नाही. दोन्ही ग्रंथांत दोष सांगितले गेले ते मुख्यतः अनुपस्थित समाजाचे. हिंदूंचे दोष अमेरिकनांना आणि अमेरिकनांचे दोष मराठी माणसांना. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या लेखिकेला उपलब्ध असलेले हे स्वातंत्र्य आहे आणि तिची अडचणही तीच आहे. पहिल्या ग्रंथातील चित्रणासाठी मायदेशी तिला देशनिंदक ठरवणे सोपे जाते, आणि दुसरा ग्रंथ परदेशी कोणी वाचतच नाही.

दोन ग्रंथ, दोन अभ्यासशाखा

शतकभर नेमके हेच झाले. मराठी ग्रंथ इंग्रजीत येण्यास २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मीरा कोसंबी यांचा अनुवाद आणि रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी संपादित केलेला क्षितिजा गोम्स यांचा अनुवाद असे दोन अनुवाद स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९८ या एकाच वर्षी उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन आणि अँटोनेट बर्टन यांच्या ग्रंथांतून रमाबाईंची गंभीर चिकित्सा झाली होती. चक्रवर्तींनी जात आणि पितृसत्ता यांच्या संदर्भात, विश्वनाथन यांनी धर्मांतर हा असहमतीचा प्रकार मानून, तर बर्टन यांनी साम्राज्याच्या केंद्रातील वसाहतीची प्रजा म्हणून त्यांच्याकडे पाहिले. या तिन्ही अभ्यासांनी रमाबाईंना चरित्रात्मक भक्तिभावातून बाहेर काढले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र इंग्रजी पत्रव्यवहाराला त्यांत मिळालेले वजन मराठी ग्रंथाला मिळालेल्या वजनाहून अधिक आहे. साहजिकच जगापुढे आलेली रमाबाई ही मुख्यतः प्रत्युत्तर देणारी रमाबाई आहे. बिशप काही म्हणतो, सिस्टर काही म्हणते आणि ती उत्तर देते. स्वतःहून विषय निवडणारी, दुसऱ्या समाजाची मांडणी करणारी रमाबाई या चित्रात मागे राहते.

कोसंबी यांचा अनुवाद या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. अनुवादाच्या शीर्षकातच त्यांनी अमेरिकेच्या नजरेला परत नजर देण्याची कल्पना घातली आहे. स्टॉकहोम विद्यापीठातून समाजशास्त्राची डॉक्टरेट घेतलेल्या, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या या अभ्यासिकेला (१९३९–२०१५) रमाबाईंची दुहेरी जागा आतून कळत असावी, असे त्यांच्या विवेचनावरून वाटते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात ‘देशी माहितगार’ या भूमिकेची चिकित्सा केली आहे. पाश्चात्त्य ज्ञानव्यवहाराला जी व्यक्ती माहिती पुरवण्यापुरती हवी असते, पण जिने स्वतः जाणते व्हावे हे चालत नाही, ती ही भूमिका. स्पिवाक यांनी स्वतः महाश्वेता देवींच्या बंगाली कथांच्या अनुवादाला आयुष्यातील मोठा काळ दिला. परदेशातील अध्यापिकेने मातृभाषेतील साहित्याशी असा व्यवहार ठेवणे हा त्या भूमिकेतून सुटण्याचा एक मार्ग असतो. रमाबाईंचा मार्ग याहून वेगळा आणि काहीसा अधिक धीट होता. त्यांनी आपला समाज इंग्रजीत नेला, त्याचप्रमाणे इंग्रजी बोलणारा समाज मराठीत आणला. माहितगाराने माहिती मागणाऱ्यांचीच माहिती गोळा करून घरी नेली.

आपल्या महाविद्यालयांपुरते बोलायचे तर दोष विद्याशाखांच्या कुंपणांचा आहे. इंग्रजी विभाग रमाबाईंना वासाहतिक लेखनात घेतो, इतिहास विभाग सुधारणा चळवळीत, मराठी विभाग प्रवासवर्णनात. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचू शकणारा वाचक सर्वाधिक संख्येने महाराष्ट्रातच असू शकतो. कोलंबियात किंवा केंब्रिजमध्ये तो विरळा. ही सोय आपण वापरलेली नाही. उलट इंग्रजीतून आलेली रमाबाई पुन्हा मराठीत अनुवादून घेण्याकडे आपला कल असतो, आणि मग तिने मराठीत आधीच लिहून ठेवलेले आपल्याला सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ दिलेल्या तळटीपेत भेटते.

मुक्तीची छापखान्यातील मराठी

१ फेब्रुवारी १८८९ रोजी रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्चला शारदा सदन सुरू झाले. पुढे पुण्याचे स्थलांतर, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी घेतलेली फारकत आणि केडगावच्या मुक्ती सदनाची उभारणी हा इतिहास परिचित आहे. परदेशवास संपला तरी भाषांचा प्रश्न संपला नाही. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर मूळावरून करण्याचे काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही आणि त्यातील संस्कृत संज्ञा हिंदू दर्शनांचे अर्थ बरोबर घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता.

पंडितांच्या सभेत ‘सरस्वती’ ठरलेल्या, क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत मागणाऱ्या विदुषीने आता संस्कृत शब्दच वेचून बाजूला काढायला घेतले. यात विसंगती आहे असे म्हणणाऱ्याने दोन्ही वेळचा वाचक कोण होता ते पाहावे. वाँटेजमध्ये समोर लॅटिनचा मान राखणाऱ्या भगिनी होत्या. केडगावात दुष्काळातून वाचलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुली आणि बायका होत्या, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही त्याच होत्या. भाषांतराचे काम रमाबाईंनी मृत्यूपूर्वी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.